एकनाथरावांनी आणलेले कनेक्टर

'मला माहीत नाही' हे तीन शब्द एकनाथरावांच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते. बरकतपुऱ्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासचं स्टोअर ते सांभाळत. खडूपासून पंख्याच्या कंडेन्सरपर्यंत काहीही मागा, गडी संध्याकाळपर्यंत हजर करणार. घराणं मूळचं उदगीरकडचं, शेतकऱ्याचं. पण हैदराबादचा बाजार त्यांना तोंडपाठ होता. निदान ते तसं सांगत.

नव्याण्णव साली क्लासमधले वीस कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं ठरलं. संचालक सुधीर सर पुण्याचे, एकनाथरावांच्या मराठीला गालातल्या गालात हसणारे. तयार केबल महाग, म्हणून केबलचं बंडल मागवून टोकांना कनेक्टर आपणच बसवायचे, असं त्यांनी ठरवलं. काम दिलं अप्पारावांना. हा तेलुगू माणूस टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, उभा जन्म खांबांवर चढून तारा जोडण्यात गेलेला. कनेक्टर आणि ते दाबून बसवायची पक्कड आणायचं काम अर्थातच एकनाथरावांकडे आलं.

कोठी बाजारातली गुजराती गल्ली पालथी घातल्यावर एका दुकानात माल सापडला. दुकानदारानं विचारलं, "तार कैसा है साब? अंदर एकीच मोटा तार है, या बारीक रेशेवाला? दोनों का कनेक्टर अलग आता."

एकनाथरावांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. क्लासला एक फोन लावला असता तर भागलं असतं. पण फोन सुधीर सर उचलणार, आणि पुन्हा हसणार. "मालूम है मेरेकू, रेशेवालाच है," असं ठोकून देऊन त्यांनी शंभर कनेक्टर बांधून घेतले.

केबलमधली तार मात्र एकसंध होती. अप्पारावांनी चार दिवस मान मोडून काम केलं, वीसही कॉम्प्युटर जोडले गेले, पेढे वाटले गेले. तिसऱ्या आठवड्यात एकेक यंत्र रुसायला लागलं. केबल हलवली की चालू, सोडली की बंद. सुधीर सरांनी अप्पारावांना सगळ्यांसमोर उभं केलं. "आपकी उम्र हो गई है. हाथ काँपते हैं, दबाव ठीक से नहीं पड़ता. कल से मत आइए."

अप्पारावांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. नेमका तेव्हाच एकनाथरावांना दुकानदाराचा प्रश्न आठवला. त्यांनी बोलायला तोंड उघडलंही, पण त्यातून निघालं एवढंच, "चहा सांगू का, सर?"

दुसऱ्या दिवशी ते गुपचूप गुजराती गल्लीत गेले. दुकानदारानं दोन कनेक्टर भिंगाखाली धरून दाखवले. "इसमें दो दाँत. मोटे तार के बाजू से सरक जाते. इसमें तीन, तार को पकड़के रखते. मैं तो पूछा था ना साब?"

नवे कनेक्टर आले, नवा माणूस आला, सगळं सुरळीत झालं. "बघा, तरुण हाताचं काम," सुधीर सर म्हणाले. "हो ना," एकनाथराव म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजाची त्यांना किळस आली. आठवडाभर बायकोनं, भामाबाईंनी वाढलेलं ताट ते अर्धवट सोडून उठत होते.

शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते मलकपेठेत अप्पारावांच्या घरी गेले. अप्पाराव ओसरीवर चटई टाकून बसलेले, भोवती केबलचे तुकडे.

"आओ साब. बचे हुए कनेक्टर सुधीर साब मेरेकूच दे दिए थे. उनोंसेच रोज प्रॅक्टिस करतूं. थोडे दिन में ढीलेच पड़ जारें. साब सच बोले, हात गया मेरा."

एकनाथराव चटईच्या कडेला टेकले. "हात नहीं गया, अप्पाराव. कनेक्टर गलत थे. दुकानवाला पूछा तो मैं झूट बोला. उस दिन साब के सामने भी चुप बैठा."

सांगून टाकलं एकदाचं. आता अप्पाराव चार शिव्या देतील, मग चहा पाजतील, आणि आपण हलके होऊन घरी जाऊ, असा त्यांचा हिशेब. पण अप्पाराव उठले. आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

"चलो. मेरेकू बोले ना, वोच साब कू बोलो. सबके सामने."

"अब्बीच?" एकनाथराव म्हणाले.

चपलेत पाय घालता घालता अप्पाराव थांबले आणि त्यांच्याकडे नुसते बघत राहिले.

मग दोघंही गेले. एकनाथराव सगळ्यांसमोर बोलले, सुधीर सर वरमले, अप्पारावांना काम परत मिळालं. क्लासमध्ये अजूनही कुणी ना कुणी ती गोष्ट काढतं, एकनाथरावांच्या प्रामाणिकपणाचं तोंड भरून कौतुक करतं. अप्पारावही तिथेच असतात, मान डोलावतात. त्या 'अब्बीच'बद्दल त्यांनी आजवर कुणाकडे चकार शब्द काढलेला नाही. एकनाथराव खाली मान घालून उठतात आणि स्टोअरमध्ये जाऊन बसतात.