तिच्या मापाचा दस्ता

बायको गेली तेव्हा रायफलीचं दोन स्क्रूंचं काम राहिलं होतं.

कायझर्सलाउटर्नजवळच्या एका खेड्यात आमचं घर आहे. मी सातवी शिकलेला टर्नर. पुण्याच्या कारखान्यानं मशिनी शिकायला जर्मनीला पाठवलं, मी शिकलो आणि इथल्याच एका पंपांच्या कारखान्यात चिकटलो. तीस वर्षं लेथसमोर उभा राहिलो, मग निवृत्त झालो. बायको अकरावी झालेली. माझ्यापेक्षा हुशार, आणि आठवड्यातून एकदा तरी ते ऐकवायची.

गावात नेमबाजीचं मंडळ आहे, इथे त्याला फेराइन म्हणतात. उन्हाळ्याच्या जत्रेत ते लोक येईल त्याच्या हातात छर्ऱ्याची बंदूक देतात. एका वर्षी ही उभी राहिली. साठी ओलांडलेली, साडीवर स्वेटर, पायात सपाता. पाचपैकी चार गोळ्या मधल्या काळ्यात. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"अहो, हे सोपं आहे की," ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी ती मंडळात हजर.

"अगं, या वयात बंदूक? भजनाला जा त्यापेक्षा."

"भजनाला तुम्ही जा. तुमचा आवाज बरा आहे."

ती गेली ती जातच राहिली. आधी छर्ऱ्याची, मग खरी, बारीक गोळीची रायफल. अडचण एकच. मंडळाच्या रायफली जर्मन अंगाच्या. ही चार फूट दहा इंच. दस्ता खांद्याला लावला की हात चापापर्यंत पोचायचा नाही. मान ताणून बसायची, भिंतीपलीकडे डोकावल्यासारखी, आणि घरी आली की मी तिच्या मानेला तेल चोळायचं. एका दिवशी चोळता चोळता म्हणालो, "तुला तुझ्या मापाची करून देतो." आयुष्यात बंदूक केली नव्हती. लाकडात म्हणाल तर कपड्यांच्या खुंट्या आणि एक पाट.

इथे बंदूक घेणं म्हणजे मुलीचं लग्न जमवण्यापेक्षा अवघड. वर्षभर नेमानं मंडळात जायचं, त्याची वहीत नोंद. मग परीक्षा. मग मंडळाचं पत्र की या बाईला खरंच गरज आहे. मग सरकार तुमचं मागचंपुढचं तपासणार. मग कार्ड. आणि बंदूक घरात यायच्या आधी पोलादी तिजोरी, आकड्यांच्या कुलपाची. परीक्षेचं पुस्तक घेऊन मी जेवणाच्या टेबलावर तिला प्रश्न विचारायचो. एक प्रश्न असा होता की तिजोरीचा आकडा घरातल्या माणसाला सांगता येतो का.

"नाही," ती म्हणाली. "ज्याच्याकडे कार्ड नाही त्याला नाही. नवऱ्यालासुद्धा नाही." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून, "बघा, इथलं सरकार तुम्हाला बरोबर ओळखतं."

शेजारच्या गावात बंदुका करणारा एक कारागीर आहे, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. त्यानं आम्हाला दुकानात बसवून सगळं समजावलं. "लाकूड तुमचं, लोखंड माझं. लाकडाला कायदा नाही. नळी आणि गोळी आत सरकवणारा बोल्ट, हे मी तुमच्या बायकोच्या कार्डावर देणार. ती शेजारी नसताना त्याला हात लावायचा नाही. कळलं?"

"या, गेनाऊ," मी म्हणालो. म्हणजे हो, अगदी बरोबर. तीस वर्षं फोरमनला हेच म्हणत आलो होतो.

लाकूड अक्रोडाचं. आमच्याकडे द्राक्षांच्या मळ्यांच्या कडेला अक्रोडाची झाडं असतात. वादळात पडलेल्या एका झाडाची फळी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात आठ वर्षं वाळत पडली होती, ती आणली. मग बायकोचं माप घेतलं: कोपर दुमडून, बेचक्यापासून पहिल्या बोटाच्या पेरापर्यंत. "ब्लाउजच्या मापालाही कोणी इतका वेळ घेत नाही," ती म्हणाली.

लोखंड लाकडात बसवायचं म्हणजे घाईचं काम नाही. लोखंडाला काळं लावायचं, लाकडात दाबायचं, उचलायचं. जिथे काळा डाग पडला तिथे लाकूड जास्त आहे. तेवढंच पटाशीनं खरवडायचं. परत काळं, परत दाबायचं. कारागिरानं काळ्याची डबी दिली होती ती संपली, तेव्हा हिनं काजळाची डबी काढून दिली. "घ्या. मला आता कोण बघतंय."

आणि हे सगळं ती शेजारी असतानाच. नाश्ता झाला की ती तळघरात जायची, तिजोरीतून लोखंड काढायची, माझ्या बाकड्याजवळ खुर्ची टाकून भाजी निवडत बसायची. काम थांबलं की लोखंड पुसून परत आत. मी जिन्यावर उभा.

"तोंड फिरवा."

"अगं, चाळीस वर्षं संसार केला आपण."

"तोंड फिरवा."

मी भिंतीकडे बघायचो. मागे सहा वेळा पी पी पी व्हायचं आणि दार उघडायचं. एक संबंध हिवाळा असा गेला. त्या हिवाळ्यात आम्ही जेवढं बोललो तेवढं आधीच्या दहा वर्षांत बोललो नव्हतो. मी पाळीला जायचो, ती स्वयंपाकघरात. बोलायला होतंच काय. आता मधे एक लाकूड होतं.

फेब्रुवारीत ती बागेत पडली. डोक्यात रक्तस्राव. अकरा दिवस दवाखान्यात होती, त्यातले पहिले चार दिवस बोलत होती. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "आकडा सांगतेस का? मागचा भाग तेवढा बसवायचा राहिलाय आणि दोन स्क्रू. तू येईपर्यंत तयार ठेवतो."

ती हसली. अर्धंच तोंड हसलं. "घरी आल्यावर मीच काढून देते की."

मी परत विचारलं नाही. परत विचारलं असतं तर ती घरी येणार नाही हे मला माहीत आहे, असा त्याचा अर्थ झाला असता.

दिवसकार्य झालं, मुलगा हायडेलबर्गला परत गेला, आणि मी तळघरात जाऊन तिजोरीसमोर स्टूल टाकलं. सहा आकडे. लग्नाची तारीख घातली. मुलाची जन्मतारीख. तिची, माझी. आम्ही फ्रँकफुर्टला उतरलो तो दिवस. तिच्या माहेरचा जुना फोन नंबर, घराचा नंबर, नातीची जन्मतारीख. काही वेळा चुकलं की कुलूप तांबडा दिवा लावून रुसून बसतं, मग थांबायचं. मी थांबायचो. पंधरा दिवस सकाळी चहा घेऊन खाली जायचो आणि जेवायच्या वेळेला वर यायचो. आमच्या संसारातली आठवेल ती तारीख लावून बघितली. एकही चालली नाही. मग कोणता आकडा लावला होता बाईनं? कशाचा? इतकी वर्षं शेजारी झोपलेल्या बाईच्या डोक्यात असा कोणता आकडा होता जो मला माहीत नाही?

बंदूकवाला माणूस मेला की सरकारी कचेरीत कळवावं लागतं. मी गेलो. टेबलापलीकडे पन्नाशीची एक बाई. तिनं आधी दुःख व्यक्त केलं, मग फॉर्म काढला.

"तिजोरीचा आकडा कुणाकडे आहे?"

"कुणाकडेच नाही. मी पंधरा दिवस लावून बघितला."

तिचं पेन थांबलं. "तुम्ही उघडायचा प्रयत्न केला? कशासाठी?"

"रायफल पुरी करायची होती."

"आणि पुरी झाल्यावर?"

मला कारखान्याची सवय. विचारलं की सरळ सांगायचं. "पुरी झाल्यावर काय? काही नाही. ती गेली. आता उद्या मेलो तरी चालेल."

बाई उठली, खोलीचं दार लावलं आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. जेवता का, झोप येते का, घरी कोण आहे. मग सरळच विचारलं, जीव द्यायचा विचार मनात येतो का.

बायको गेल्यापासून किती माणसं घरी येऊन गेली. केक ठेवून गेली, डबे ठेवून गेली. हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "येतो."

तिनं माझ्यासमोरच मुलाला फोन लावला. एक कागद दिला, त्यावर डॉक्टरचा आणि बोलायला माणूस मिळतो तिथला नंबर. आणि सांगितलं, वारस म्हणून ही बंदूक तुम्हाला देता येणार नाही.

तेव्हा मला तिचा फार राग आला होता. मी लाकडाबद्दल बोलायला गेलो होतो.

पुढच्या आठवड्यात कुलूपवाला आला, सोबत कचेरीची दोन माणसं. मला जिन्यावर उभं केलं. या वेळी तोंड फिरवा म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून मी बघितलं. त्यानं कुलपाला भोक पाडलं, कुलूप तुकड्यांनी बाहेर आलं. म्हणजे आकडा कायमचाच गेला. खरं सांगतो, आत एखादी चिठ्ठी असेल असं मला वाटलं होतं. काही नव्हतं. तिच्या जुन्या सुती साडीच्या फडक्यात गुंडाळलेलं लोखंड, तेलाची बाटली, एवढंच. नियमात बसतं तेवढंच तिनं आत ठेवलं होतं. लोखंड कारागिराकडे जमा झालं. दस्ता माझ्या बाकड्यावर राहिला. त्याच्याकडे कोणी बघितलंही नाही.

मग कचेरीचं पत्र आलं. निर्णय मान्य नसेल तर महिन्याच्या आत विरोध नोंदवा, नाहीतर बंदूक कार्डवाल्या दुसऱ्या माणसाला जाईल. मुलगा रविवारी तो विरोधाचा कागद टाइप करूनच घेऊन आला. सोबत नात. ती माझं मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते.

"बाबा, असं बोलतात का कचेरीत?" मुलगा म्हणाला.

"विचारल्यावर खोटं सांगू?"

"खोटं नाही हो. आपल्याकडे म्हणतात तसं. मेलो तरी चालेल, कंटाळा आला या जिवाचा, आजी तर रोज म्हणायची. मी तेच लिहिलंय, की हा बोलण्याचा प्रकार आहे, त्याचा तसा अर्थ नाही. खाली सही करा. बंदूक मिळेल तुम्हाला. गोळी सुटू नये म्हणून नळीत ते आडकाठी बसवून देतील, पण आईची बंदूक घरात राहील. तुम्हाला तेच हवंय ना?"

मला तेच हवं होतं. गेले दोन महिने दुसरं काही नको होतं. मी चष्मा लावला, कागद सावकाश वाचला. मुलानं चांगलं लिहिलं होतं. पेनाचं टोपण काढून त्यानं पेन माझ्या हातात दिलं.

मी पेन खाली ठेवलं.

"का?"

"तो बोलण्याचा प्रकार नव्हता," मी म्हणालो.

मुलगा पेनाचं टोपण बोटांत फिरवत बसला, मग हाताच्या मागच्या बाजूनं नाक पुसलं, लहानपणी पुसायचा तसं. नातीनं त्याला जर्मनमध्ये विचारलं, आजोबांनी सही का नाही केली? त्यानं कागदाची घडी करून खिशात टाकली आणि म्हणाला, "बॅग भरा. आमच्याकडे चला." मी तीन आठवडे गेलो. मग परत आलो. त्यांच्या घरात माझ्या करण्यासारखं काही नव्हतं. आता तो रोज सकाळी साडेसातला फोन करतो. मी उचलतो. दोघांनाही माहीत आहे तो कशासाठी करतो.

मुदत संपली तेव्हा कारागिराचा फोन आला. लोखंड आता त्याच्या वहीवर चढलं होतं, विकायला मोकळं. "आल्झो," तो म्हणाला. म्हणजे तर मग, असंच काहीसं. "दस्ता घेऊन या. माझ्या दुकानात, माझ्यासमोर बसवा. त्याला कायद्याची ना नाही."

मी दस्ता टॉवेलात गुंडाळून बसनं गेलो. काजळाची डबी खिशात. त्यानं बाकडं रिकामं करून दिलं, लोखंड ठेवलं आणि स्वतः लांब जाऊन एक कानस पुसत बसला. मागचा भाग तेवढा राहिला होता. काळं लावायचं, दाबायचं, उचलायचं, खरवडायचं. दोन तास लागले. शेवटी दाबलं तेव्हा सगळीकडे सारखा काळेपणा उमटला. दोन स्क्रू आवळले. लोखंड आणि लाकूड यांच्या मधे कागद सरकवून बघितला, कुठेच जाईना. माझ्या हातून इतकं नेटकं काम लेथवरसुद्धा कधी झालं नव्हतं.

"खांद्याला लावून बघा," कारागीर म्हणाला.

लावली. दस्ता इतका तोकडा की माझ्या अंगठ्यावर माझंच नाक आपटलं. कोपर कुठे ठेवावं कळेना. तिनं लावली असती तर मान सरळ राहिली असती.

"छान झालीय," तो म्हणाला. "पण ही कुणाला विकता येणार नाही. कुणाला बसणार नाही."

"माहीत आहे."

स्क्रू मीच काढले. लोखंड त्याचं, लाकूड माझं. त्यानं टॉवेल बांधायला दोरी दिली. बसमध्ये समोरच्या बाईनं विचारलं, काय आहे? मी म्हणालो, लाकूड.

दस्ता कपाटावर आहे. लोखंडाच्या जागी खोबण आहे, तिच्यात अजून काजळ लागलेलं आहे, मी पुसलेलं नाही. जाळावासा वाटला एकदा, पण अक्रोड जाळवत नाही. कचेरीतल्या त्या बाईनं दिलेला कागद फ्रिजवर चिकटवला आहे. तिथे दोनदा फोन केला, दोन्ही वेळा एका पोरीनं नीट ऐकून घेतलं. बरं वाटलं असं म्हणणार नाही. बंदूक मला दिली नाही ते त्या बाईनं बरोबर केलं, एवढं मात्र आता म्हणतो.

तिजोरी तळघरातच आहे. कुलूप फोडल्यापासून दार लागत नाही, लावलं की हळूच परत उघडतं. मी तिच्यात बटाटे ठेवतो. ते काढायला जातो तेव्हा जिन्यावर पाय थांबतो आणि मी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. थोडा वेळ. मग खाली जातो.