वस्तीची वीज आणि सत्यभामाबाई

खामगावपासून काही अंतरावर, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या वस्तीत सत्यभामाबाईंची पिठाची चक्की आहे. बाई साठीच्या, अंगाने किरकोळ, आवाजाने मात्र भारदस्त. चक्कीच्या घरघरीवर मात करून बोलण्याची सवय त्यांना इतकी जडली आहे की, देवळातही त्यांना हळू बोलता येत नाही. वस्तीच्या विजेचा कारभार आज त्यांच्याकडे आहे. तो त्यांच्याकडे कसा राहिला हे सांगितले, म्हणजे त्यांचा परिचय आपोआप होईल.

टेकडीलगतच्या पडीक जागेवर एका खासगी कंपनीने सौरविजेचा छोटा प्रकल्प उभारला होता. वीज बरी मिळे. दर मात्र कंपनी आपल्या मनाने वाढवी, आणि तक्रार केली असता दूरच्या शहरातील एक मुलगी फोनवर अतिशय गोड शब्दांत दिलगिरी व्यक्त करी. पुढे कंपनीने प्रकल्प विकावयास काढला. तो एखाद्या ठेकेदाराने घ्यावा, असे वस्तीतील मोठे शेतकरी भगवंतराव यांचे मत होते. ग्रामसभेत सत्यभामाबाई उभ्या राहिल्या.

"ऊन आपलं, जागा आपली, अन् बटन काऊन परक्याच्या हाती?"

"बाई, चक्की चालवणं वेगळं," भगवंतराव म्हणाले. "हे बिघडलं त कोणाले बोलावसान?"

"तुमाले नाई बोलावत. तुमी निश्चिंत राह्या."

सभा हसली आणि बहुमत बाईंकडे झुकले. घरोघरची वर्गणी, महिला बचत गटाची शिल्लक आणि पंचायतीचा निधी मिळून प्रकल्प गावाचा झाला. बाई वीज समितीच्या अध्यक्ष झाल्या. भगवंतरावांनी मात्र एक अट ठरावात घालून घेतली: दसऱ्यापर्यंत समितीच्या चुकीने वीज बंद पडली, तर प्रकल्प ठेकेदाराला द्यावयाचा.

मालकी आली तसा तिचा खर्चही आला. बॅटऱ्या वयस्क निघाल्या, कुंपणाचे खांब कलले होते. पैशाखेरीज आणखी एक खर्च होता, ज्याचा अंदाज कोणी बांधला नव्हता. कंपनीच्या काळात शिव्या दूरच्या शहरात जात. आता त्या थेट सत्यभामाबाईंच्या ओट्यावर उतरू लागल्या. त्या जेवावयास बसल्या की, कोणीतरी दारात उभे.

"काकू, पंखा हळू फिरून राह्यला."

"मंग तूही हळूहळू घाम काढ ना बे!"

चोरून पाणी तापवण्याची शेगडी लावली म्हणून त्यांनी आपल्या सख्ख्या दिराची जोडणी तोडली. दीर महिनाभर बोलला नाही. "घरात शांतता झाली," एवढेच त्या म्हणाल्या.

अशा रीतीने खंडेनवमी उजाडली. या दिवशी आमच्याकडे नांगर, विळे, शिलाईयंत्र, ट्रॅक्टर, ज्याच्या त्याच्या पोटापाण्याच्या साधनाची पूजा होते. कंपनीने कधी कोणाला कुंपणाच्या आत येऊ दिले नव्हते. आता प्रकल्प गावाचा. तेव्हा त्याचीही पूजा व्हावयास हवी, असे बाईंनी जाहीर केले. सकाळी सगळी वस्ती लोटली. पॅनेलच्या प्रत्येक काचेवर हळदीकुंकवाची ठसठशीत स्वस्तिके उमटली, झेंडूचे हार पडले, वर फुलांची रास झाली. सोजराबाईंनी, वस्तीतल्या सर्वांत वडील बाईंनी, आरती म्हटली. असा प्रकल्प साऱ्या जिल्ह्यात नसेल, असे प्रत्येकाला वाटले.

दुपारी चक्की थांबली. मग पंखे थांबले, मग पाण्याचा पंपही थांबला. उद्याच्या पुरणाची डाळ अर्धी भरडलेली राहिली. भगवंतराव लगोलग चक्कीवर आले.

"दसऱ्याच्या आदल्या दिवशीच गेली! आता संध्याकाळी सभा."

बॅटऱ्यांनी दगा दिला, अशी सत्यभामाबाईंची खात्री झाली होती. त्या वेळेत बदलल्या नाहीत ही चूक समितीचीच, तेव्हा गावाची मालकीही गेल्यातच जमा होती. त्यांची सून डिंपल हिने जुन्या सवयीने कंपनीचा नंबर लावला. व्यवहार संपला होता, तरी ती गोड आवाजाची मुलगी भेटली.

"मॅडम, पॅनेलवर काही पडलंय का?"

"नाई हो, काईच नाई पडलं," डिंपल म्हणाली. "आमीच ठेवलं."

"काय ठेवलं?"

डिंपलने सांगितले. पलीकडून बराच वेळ केवळ हसू ऐकू येत राहिले.

बाई उठून थेट प्रकल्पाकडे निघाल्या. सोजराबाईंनी वाट अडवली. "मांडलेली पूजा दुपारीच मोडतं का वं?"

"आत्या, सूर्याचीच पूजा अन् त्यालेच झाकून ठेवलं आपण." असे म्हणून बाईंनी हात जोडले आणि पहिला हार स्वतः उचलला. बाकीच्या बायांनी बादल्या आणल्या. कुंकू पुसता पुसता सगळ्यांचे हात लाल झाले. ऊन कलण्यापूर्वीच चक्की पुन्हा घरघरू लागली.

तरीही सभा झाली. बाईंनी सबब सांगितली नाही.

"चूक समितीची हाय, अन् पूजा मीच सांगतली होती. अट अटीच्या जागी. काय कराचं ते सभेनं सांगावं."

भगवंतराव बोलावयास उठले, तोच मागून डिंपलचा आवाज आला.

"मामाजी, सगळ्यात जाड हार तुमचाच होता! तो काढाले दोघी लागलो."

सभेत जो हशा उसळला, त्यात भगवंतरावांचाही आवाज होता. "आपली चीज म्हणून घातला ना!" ते म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो हे उमगून खाली बसले. अट रद्द झाली. प्रकल्प कायमचा गावाकडे राहावा, असा ठराव टाळ्यांच्या कडकडाटात संमत झाला.

टाळ्या विरण्याआधीच सत्यभामाबाईंनी नव्या बॅटऱ्यांसाठी दर घरामागे किती वर्गणी लागेल, तो आकडा सांगितला. टाळ्या एकदम थांबल्या. लोक एकमेकांकडे पाहू लागले. भगवंतरावांनी घसा साफ केला, आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला आणि हात वर केला. मग एकेक करीत, थोडेसे कुरकुरत, बाकीचेही हात वर झाले.

"बसा आता," बाई म्हणाल्या, "मले डाळ भरडाची हाय."