डोळे ओढून पाहणारी बाई

आमच्या बाहुली मंडळात कौतुकाचा तुटवडा कधी पडला नाही. तुटवडा असायचा तो बऱ्या बाहुल्यांचा. दर मंगळवारी दुपारी तीन वाजता आम्ही बारा-तेरा जण वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायचो. प्रत्येकानं आठवड्यात केलेली वस्तू टेबलाच्या मधोमध ठेवायची, बाकीच्यांनी "अगंबाई, किती गोड" म्हणायचं आणि मग चहा, असा शिरस्ता. मी मंडळाची चिटणीस, म्हणजे जिला 'नाही' म्हणता येत नाही ती. सभेचा वृत्तांत लिहायचं काम माझ्याकडे होतं. 'सर्वांनी मनापासून कौतुक केले' हे वाक्य मी चार वर्षांत इतक्या वेळा लिहिलं होतं, की पुढे पुढे सभा सुरू व्हायच्या आधीच लिहून ठेवायला लागले.

अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या बाहुल्या हात अंगाला चिकटवून उभ्या असायच्या आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर आज निकाल असल्यासारखी भीती. दातांचे डॉक्टर हे आमचे एकुलते एक पुरुष सभासद. ते कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या करायचे. प्रत्येक बाहुलीचं तोंड उघडं आणि आत वरखाली मिळून बत्तीस दात. लहान मुलं त्या पाहून आईच्या मागे लपायची. डॉक्टर म्हणायचे, "मला सवय आहे." माझ्या कापडी बाहुल्यांना मान नसायची. मान उभी राहील अशी शिवणं कठीण, म्हणून मी सगळ्यांना लोकरीचा मफलर गुंडाळत असे. आपला तो बाब्या म्हणतात ना, तसा सगळा सुखाचा कारभार होता.

अशात एका मंगळवारी माझ्या शेजारची सूनबाई आपल्या सासूला घेऊन आली. सासूबाई साठीच्या, काटक, केस घट्ट बांधलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शर्टांच्या कारखान्यात त्या एकतीस वर्षं चेकर होत्या. सगळ्या हातांखालून गेलेला शर्ट शेवटी त्यांच्या टेबलावर यायचा. कॉलर, खांदा, बाही, काज, बटण या क्रमानं त्या तो पाहायच्या आणि दोष दिसला की तिथं लाल बाण चिकटवून शर्ट परत पाठवायच्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा कारखान्यानं त्यांना एक घड्याळ दिलं. ते दोन मिनिटं मागे पडतं म्हणून त्यांनी ते निरोप समारंभातच परत केलं.

सूनबाईनं मला जिन्यात गाठलं. "काकू, यांना आठवड्यातून दोन तास तरी इथं ठेवून घ्या. घरी पडद्यांची शिवण बघून झाली, उश्यांचे अभ्रे झाले. काल माझ्या भावाच्या लग्नातला फोटो बघून म्हणाल्या, नवऱ्यामुलाच्या कोटाचा डावा खांदा चढलाय."

"मग, चढलाय का?"

"चढलाय हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "पण लग्नाला आता सात वर्षं झाली."

अध्यक्षबाईंनी त्यांचं स्वागत केलं, मंडळ म्हणजे एक कुटुंब कसं आहे ते सांगितलं आणि आपली नवी बाहुली मधोमध ठेवली. आम्ही ठरल्याप्रमाणे गोड म्हणालो. चेकरबाईंनी बाहुली उचलली, उलटी केली, फ्रॉक वर करून बगलेतली शिवण पाहिली. मग बटणाचा डोळा चिमटीत धरला आणि ओढला. डोळा त्यांच्या हातात आला.



"धावदोरा आहे," चेकरबाई म्हणाल्या. "उलटी टीप हवी. आणि डोळ्यामागे गाठच मारलेली नाही."

"इथं आपण प्रेमानं करतो," अध्यक्षबाई म्हणाल्या. हा आवाज त्या पूर्वी गृहपाठ न केलेल्यांसाठी वापरत असणार.

"करा की. पण गाठ मारून करा."

त्या दिवशीच्या वृत्तांतात मी काय लिहावं, हे मला कुणीच सांगितलं नाही. 'नवीन सभासदांनी बाहुलीचे बारकाईने निरीक्षण केले' असं लिहून मी मोकळी झाले.

पुढचे काही महिने चेकरबाई न चुकता आल्या. आमचा जळफळाट त्यांच्या गावीही नव्हता. त्या कुणाला टोचून बोलत नसत, मोठ्यानं बोलत नसत. डॉक्टरांना म्हणाल्या, "उजवीकडची दाढ सुटलीय." डॉक्टरांनी वाकून पाहिलं. सुटली होती. चाळीस वर्षांच्या धंद्यात डॉक्टरांना असं कुणी म्हटलं नसेल. माझ्या बाहुलीचा मफलर त्यांनी एका बोटानं वर केला, खाली काय नाही ते पाहिलं आणि पुन्हा नीट बसवला. मला दोन रात्री झोप आली नाही.

तुम्ही म्हणाल, मग त्यांनी स्वतः एक करून दाखवायची. त्यांनी केली. सहा आठवडे लागले. इंचाला बारा टाके, एकासारखा एक. नाक नाकाच्या जागी, डोळे डोळ्यांच्या जागी. तिच्याकडे पाहिलं की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटायचं. आम्ही गोड म्हणालो, पण आवाज निघाला तो शोकसभेतला. चेकरबाईंनी स्वतःच बाहुली उचलून पिशवीत टाकली. "निर्दोष आहे," त्या म्हणाल्या, "पण जीव नाही." स्वतःच्या मालालाही त्यांनी सोडलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगते.

त्यानंतर अध्यक्षबाईंना रुग्णालयाची कल्पना सुचली. मुलांच्या विभागाला मंडळातर्फे चाळीस बाहुल्या भेट द्यायच्या. फोटो काढायचा, जमलं तर छापून आणायचा. आम्ही दोन महिने राबलो. बाहुल्या खोक्यात भरायच्या दिवशी चेकरबाई म्हणाल्या, "एकदा माझ्या हाताखालून जाऊ द्या."

"बाई, ही भेट आहे, माल नव्हे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

चेकरबाई खोक्याजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. एकेक बाहुली खोक्यात जाताना त्यांचे डोळे तिच्याबरोबर खाली जायचे आणि पुढच्या बाहुलीसाठी पुन्हा वर यायचे.

दहा दिवसांनी खोकं परत आलं. आत एकतीस बाहुल्या आणि मुलांच्या विभागाच्या मोठ्या सिस्टरची चिठ्ठी. चिठ्ठी सभ्य होती, हेच जास्त झोंबलं. डोळे निघतात आणि लहान मुलं ते गिळू शकतात, लगद्याच्या बाहुल्या धुता येत नाहीत, शिवाय दात पाहून एक मुलगा सुईच्या वेळेपेक्षा जास्त रडला. आपल्या भावनांचा आदर आहे, असं शेवटी होतं.

अध्यक्षबाईंनी तातडीची सभा बोलावली. निषेधाचा मसुदा ठरायला लागला. कुणी म्हणे 'खेद', कुणी म्हणे 'तीव्र खेद'. डॉक्टरांना 'अवमान' हा शब्द हवा होता. अर्धा तास खल झाल्यावर चेकरबाई म्हणाल्या, "तेहतीस यायला हव्या होत्या."

"काय?"

"मी मोजल्या होत्या. तेहतीस सदोष होत्या. आल्या एकतीस. दोन सिस्टरच्या नजरेतून सुटल्यात." त्यांनी पिशवी उचलली. "उद्या जाऊन घेऊन येते."

"पण त्या तर त्यांनी ठेवून घेतल्यात," मी म्हणाले. खरं सांगायचं तर चाळीसातल्या नऊ राहिल्या याचंच मला अप्रूप वाटत होतं.

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चिटणीस या नात्यानं मी सोबत गेले. 'नाही' म्हणता येत नाही, हे आधी सांगितलंच आहे.

मोठ्या सिस्टरना वाटलं आम्ही भांडायला आलोय. चेकरबाई म्हणाल्या, "तुम्ही बरोबरच परत पाठवल्या. पण दोन राहिल्या." सिस्टरनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. असं कुणी त्यांना यापूर्वी म्हणालं नसावं. एक बाहुली चेकरबाईंना त्यांच्याच टेबलावर दिसली, तिच्या काखेत पेन खोचलेलं. पेन काढून ती त्यांनी पुढे केली. दुसरी खिडकीजवळच्या खाटेवर होती.

त्या खाटेवर सहाएक वर्षांची एक मुलगी होती. पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये, वरून दोरीनं टांगलेला. बाहुली तिच्या मानेखाली दाबलेली. लाल मफलर लांबूनच दिसला आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाहुली माझी होती.

"ही जरा दे बरं मला," चेकरबाई म्हणाल्या.

"नाही," मुलगी म्हणाली. किती सहज म्हणाली. मला तिचा हेवा वाटला.

"हिचा डोळा सैल आहे. निघाला तर तुझ्या घशात जाईल."

"मी काय डोळा खाते?"

चेकरबाईंनी विचार केला. मुद्दा बिनतोड होता. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि सुयांची डबी उघडली. "बरं, तुझ्याकडेच राहू दे. तू हिचे पाय धर, मी इथंच शिवते."

हे मुलीला पटलं. तिनं दोन्ही हातांनी बाहुलीचे पाय गच्च धरले, ऑपरेशनला धरावेत तसे. चेकरबाईंनी सैल डोळा कापून काढला, दुहेरी दोरा ओवला आणि बटण बसवलं. आतून गाठ, वरून गाठ, दोरा बटणाभोवती तीनदा फिरवला. दोन्ही डोळे एका रेषेत आले. मी केलेल्या बाहुलीचे डोळे एका रेषेत मी पहिल्यांदाच पाहत होते.

मुलीनं बाहुली तोंडासमोर धरली आणि तिचा चेहरा उतरला. "ही ती नाहीये."

"तीच आहे."

"नाही. तिचा हा डोळा खाली होता. ती तिकडं बघायची." मुलीनं दाराकडं बोट केलं. "कोण येतंय ते आधी तिला दिसायचं. सुईवाली सिस्टर आली की ती मला सांगायची."

चेकरबाई दाराकडे वळून बघत राहिल्या. मग बाहुलीकडे. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. एकतीस वर्षं ज्या बाईनं वाकडं बटण कारखान्याबाहेर जाऊ दिलं नाही, तिला सहा वर्षांची पोर ते वाकडं करून मागत होती. मला वाटलं, आता समजावणार. त्यांनी कात्री घेतली आणि डोळा उसवला.

"एवढा खाली?" त्यांनी बटण धरून विचारलं.

"अजून थोडा."

शिवून झाल्यावर मुलीनं पाहिलं. "आता ती जमिनीकडं बघतीय."

पुन्हा उसवला. पुन्हा बसवला. या वेळी तो नाकाच्या फार जवळ गेला. तिसऱ्यांदा उसवताना चेकरबाईंच्या कपाळावर घाम आला होता. मला म्हणाल्या, "तुम्ही हा नेमका कसा बसवला होता?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले. "मी सरळच बसवत होते."

चौथ्या वेळी बसवलेला डोळा मुलीनं बराच वेळ पाहिला. बाहुली दाराकडे धरली, स्वतःकडे धरली. मग कुणी न शिकवता तिनं बटण चिमटीत पकडून जोरात ओढलं. बटण हललं नाही.

"चालेल," ती म्हणाली आणि बाहुली मानेखाली दाबून डोळे मिटले. आभारबिभार काही नाही.

परतताना बसमध्ये चेकरबाई खिडकीशी बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "तीनदा परत पाठवलं तिनं." स्वर तक्रारीचा असावा म्हणून मी चुकचुकले. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, तेव्हा कळलं की बाई खुशीत आहे. असं खूश मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, म्हणून ओळखायला वेळ लागला.

निषेधाचं पत्र गेलं नाही. मसुद्यात 'खेद'च्या आधी काय लावायचं यावर एकमत झालंच नाही. त्याऐवजी खिडकीजवळ एक छोटं टेबल आलं आणि चेकरबाई तिथं बसायला लागल्या. एकतीस बाहुल्या त्यांच्या हाताखालून नव्यानं गेल्या. माझ्या वाट्याला पाच उसवायला आल्या, अध्यक्षबाईंच्या नऊ. डॉक्टर आता लाकडाच्या बाहुल्या कोरतात, मिटल्या तोंडाच्या. त्याचा त्यांना किती त्रास होतो ते त्यांच्या तोंडावर दिसतं. दोघीजणी रागावून मंडळ सोडून गेल्या आणि त्यांनी कागदी फुलांचं वेगळं मंडळ काढलं. वर्षअखेरच्या अहवालात अध्यक्षबाईंनी 'आमच्या संकल्पनेतून साकारलेला तपासणी विभाग' असं माझ्याकडून लिहून घेतलं. चेकरबाईंनी अहवाल वाचला आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या.

ती मुलगी महिन्याभरानं घरी गेली. पुढे तिचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. चेकरबाई मात्र दर गुरुवारी सकाळी डबी घेऊन त्या विभागात जातात. मोठ्या सिस्टरनीच बोलावलं. मुलं आपापली फाटकी-तुटकी खेळणी घेऊन बसलेली असतात, आणि प्रत्येकाला ती कशी हवी आहेत हे पक्कं माहीत असतं. गेल्या गुरुवारी मीही गेले होते. एका मुलाच्या अस्वलाला कान नव्हता, आणि त्याला नवा कान नको होता. शेजारच्या खाटेवरच्या सशाचा हवा होता. सशाच्या मालकिणीशी बोलणं झालं होतं म्हणे. चेकरबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, अस्वल मांडीवर घेतलं आणि विचारलं, "कुठला देणार आहे ती? डावा की उजवा?"