मल्लप्पाची पेटी आन् लिंबाखालचा देव

सांजच्याला मिलचा भोंगा झाला, की माणसं भायेर पडायची ती कापसानं पांढरी हून. भुवयांत कापूस, कानांत कापूस, मिशांत कापूस. त्या गर्दीत आमचा बिरप्पा लांबनं वळखू यायचा, कारण त्यो समद्यांपेक्षा वितभर उंच. आमच्या घराण्यात उंचीला तोटा न्हाय. माळशिरसकडच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या धनगराचं पोर सोलापुरात आलं, आन् इंग्लिश मशीन खोलून परत जशीच्या तशी जोडायला शिकलं. आसं दुसऱ्या कुणाच्या घरात झालं आसलं तर दाखवा की!

पर एवढं समदं येत आसून बी बिरप्पा व्हता हेल्परच. मशीनखाली सरपटायचं, तेलाचा डबा धरायचा, फिटरनं मागितला त्यो पाना हातात द्यायचा. वर्सामागनं वर्सं गेली. पाय सुजायचे, पाठ धरायची, घरी यिऊन भाकरी खाता खाता डोळा लागायचा आन् घास हातातच ऱ्हायचा. बायको अंबुबाई त्यो घास काढून घ्यायची, तवा त्येला जाग यायची.

त्या मिलमधी रीतच तशी व्हती. फिटर म्हंजे ज्येची सोताची हत्यारांची पेटी हाय त्यो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा. तवा मशीनखात्यात समद्या फिटरांच्या पेट्या वळीनं मांडायच्या. हेड फिटर अण्णाराव हरेक पेटीला सोताच्या बोटानं हळदकुंकू लावायचा. ज्या पेटीला त्येचं बोट लागलं, तिचा मालक फिटर. ज्येला पेटी न्हाय, त्येचा तेलाचा डबा सुटला न्हाय.

बिरप्पाचा उस्ताद मल्लप्पा. अक्कलकोटकडचा लिंगायत माणूस, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारा. बिरप्पाला जे काय येत व्हतं ते मल्लप्पाच्या हाताखाली आलेलं. त्या साली मल्लप्पाची नजर गेली आन् त्यो घरी बसला. पेट्यांच्या वळीत त्येची जागा मोकळी झाली. पावसाळा सरत आला तसं मल्लप्पानं बिरप्पाला घरी बोलावून घेतलं.

"तम्मा," मल्लप्पा म्हणला. तम्मा म्हंजे त्येंच्या कानडीत धाकटा भाऊ. "परसात माझी पेटी हाय. घिऊन जा."

आतनं त्येची बायको ईरम्मा वराडली, "घिऊन जा म्हणं! तिच्यात कोंबडी बसलीय! अंड्यांवर हाय!"

"तिला दुरडी दे की. ती काय फिटर हुणार हाय व्हय?"

"तुमी फिटर हून काय दिवं लावलं? पेटी मातूर मला पोसाया दिली!"

"बग तम्मा," मल्लप्पा हासला, "कोंबडीला सोडून समद्यांस्नी नकोशी झालीय ती. ने."

पेटी पत्र्याची, जाड, एका माणसाच्या खांद्याला नीट पेलंल एवढी. कवाकाळी हिरवी व्हती म्हणं. आता निम्मी गंजलेली, निम्मी कोंबडीच्या घाणीनं माखलेली. झाकण मधी खोल बसलेलं, कारण मल्लप्पा जन्मभर दुपारच्याला त्या झाकणावरच बसून भाकरी खायचा.

दुसऱ्या दिवशी बिरप्पानं अण्णारावाच्या कानावर घातलं. अण्णाराव डोळं मिचकावत म्हणला, "मल्लप्पाची पेटी? आरं, खंडेनवमीला सायेब येतंय. ते बगून म्हणंल, मिलमधी भंगारवाला शिरलाय. रंगवून चकाचक करून आण, मंग मांड वळीत. न्हाईतर माझ्या मेव्हण्याची नवी पेटी तयारच हाय. जागा एकच हाय बिरप्पा, ध्येनात ठेव."

म्हंजे झालं. पेटी रंगली तर फिटर, न्हाय रंगली तर मेव्हण्याच्या हाताखाली तेलाचा डबा, मरूस्तवर.

मिल सुटली की बिरप्पा चाळीच्या अंगणात पेटी म्होरं घिऊन बसायचा. सोडा आन् चुना उकळायचा, त्या पाण्यानं जुना रंग भिजवायचा, मंग धारंच्या लोखंडी पत्रीनं खरवडायचा. अंबुबाईच्या आंघोळीच्या पाण्याचा हंडा त्यात गेला. ती म्हणाली, "आता आंघोळ चुन्यानं करा, म्हंजे तुमी बी चकाचक." त्येला हासायचं सुदिक त्राण नव्हतं. दिसभर मशीनखाली वाकायचं, सांजला पेटीवर वाकायचं. हाताची सालं निघाली. एकदा तर खरवडता खरवडता पेटीवरच डोकं टेकून झोपला, आन् उठला तवा कपाळाला गंजाचा टिळा.

पर काढला त्येनं समदा गंज. काचकागद घासून घासून पत्रा पांढराशिपट केला. घटस्थापना झाली तवा पेटी आरशागत व्हती.

आता रंगाआदी लोखंडाला शेंदराचा पयला हात द्यावा लागतो, न्हाईतर गंज परत वर येतो. एवढं बिरप्पाला ठावं व्हतं. मिलमधी त्येनं तसल्या तांबड्या हातावर रंग चढताना बगितला व्हता. मधल्या मारुतीच्या देवळापाशी दुकानात जाऊन त्येनं शेंदूर घेतला, हिरव्या रंगाचा डबा घेतला.

दुकानदार म्हणला, "शेंदूर कालवायला तेल देऊ का?"

"तेल हाय घरात."

"कसं कालवायचं ते…"

"शेंदूर कालवायचं आमास्नी सांगताय व्हय!"

आन् ते खरंच. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या शेताच्या बांधावरच्या म्हसोबाला शेंदूर लावायचा मान हाय. बिरप्पा गुडघ्याएवढा व्हता तवापासनं थोरल्या भावानं त्येला शिकिवलेलं, तेल किती, शेंदूर किती, तळहातावर कसं मळायचं. त्या थोरल्या भावाच्या हाताचा शेंदूर पंचक्रोशीत नावाजलेला. लांबनं म्हसोबा दिसला, की लोकं म्हणायची, ह्यो हात त्येंचाच.

तसाच कालवला बिरप्पानं. घरातलं शेंगाचं तेल घेतलं, शेंदूर मळला आन् बोटानं पेटीला सारखा चोपडला. कुटं डाग न्हाय, कुटं वघळ न्हाय. मंग वाळायला म्हणून अंगणातल्या लिंबाखालच्या दगडी वट्यावर पेटी उभी करून ठेवली आन् जाऊन मेल्यागत झोपला.

पाटं कामावर निघाला तवा अंधारात त्येनं पेटीकडं बगितलं बी न्हाय. सांजला परत आला, तर पेटीम्होरं नारळ फोडलेला. वर झेंडूची फुलं, खाली उदबत्तीची राख, आन् चाळीतल्या दोन बाया पदर पसरून पाया पडतायत. कडीचा कोयंडा मधी नाकागत, दोन्ही बाजूंच्या कड्या डोळ्यांगत, आन् वर आमच्या घराण्याचा शेंदूर! देव न दिसंल तर काय दिसंल?

ह्ये समदं सुरू केलं ते दगडाबाईनं. चाळीच्या टोकाच्या खोलीतली म्हातारी, एकुलता एक ल्योक हिवतापानं अंथरुणाला खिळलेला. पाटं पाण्याला निघाली, तिला लिंबाखाली देव दिसला. तिनं तितंच डोकं टेकलं, आन् दुपारच्याला पोराचा ताप उतरला. मंग काय! समद्या चाळीत बोभाटा.

बिरप्पानं पेटीला बोट लावलं. बोट तांबडं झालं.

"उद्या वाळंल," त्यो म्हणला.

दुसऱ्या दिवशी बी बोट तांबडंच. तिसऱ्या दिवशी बी. अंबुबाई दारात तांदूळ निवडत बसली व्हती. ती म्हणाली, "आवो, एक इचारू? तुमच्या गावचा म्हसोबा तुमी कवा वाळलेला बगितलाय का?"

बिरप्पा तितंच खाली बसला. वर्सानुवर्सं हातानं लावलेला शेंदूर, थंडीत बी चिकट, उन्हाळ्यात बी चिकट. बोट लावून कपाळाला लावायचा म्हणूनच तसा ठेवायचा त्यो. ही गोष्ट त्येला कुणी सांगावी लागली आसं आयुष्यात पयल्यांदाच झालं.

त्यो उठून मल्लप्पाकडं गेला.

"कंचं तेल घातलंस?" मल्लप्पानं इचारलं.

"शेंगाचं."

मल्लप्पा हासला ते हासलाच, खोकला लागला तवा थांबला. "ईरम्मा, आयकलंस का? ह्येनं पेटीला रंग न्हाय दिला, अभिषेक घातला! तम्मा, लोखंडाला जवसाचं तेल लागतंय, उकळलेलं. बेलतेल म्हणत्यात. ते वाळतंय. समदं काढ. पयल्यापासनं कर."

"पयल्यापासनं?" बिरप्पानं सोललेल्या हातांकडं बगितलं.

"हौदु, व्हय. पयल्यापासनं. दुसरं काय?"

खंडेनवमी आता तोंडावर. बिरप्पा परत आला, हंडा चुलीवर चढवला, पत्री घेतली आन् लिंबाखाली गेला. तर वट्यावर पेटीला पाठ लावून दगडाबाई बसलेली.

"मावशी, सरक."

"न्हाय सरकत."

"आगं, ही पेटी हाय. मल्लप्पाची. हत्यारं ठिवायची."

"मला आंधळी समजतोस व्हय? उजाडल्यावर म्या बगितली की. कडी दिसली, कोयंडा दिसला."

"मंग?"

"मंग काय? देव आल्यावर कशात बसलाय ते इचारतंय का कुणी? माझ्या पोराचा ताप उतरला. खरवड तू. खरवड! ताप परत चढला तर तुझ्या उंबऱ्यावर यिऊन बसंन, बग."

बिरप्पाला वाटलं, हिला उचलून बाजूला ठिवावी. आन् वाटलं, हिच्या शेजारी बसावं आन् आपुन बी एक नवस बोलावा. त्येचं अंग एवढं दुखत व्हतं, की त्येनं दुसरंच केलं. वट्यावर बसला. चुलीवर सोड्याचं पाणी उकळायला लागलं.

मंग त्यो म्हणला, "मावशी, आमच्या बांधावरच्या म्हसोबाची शेंदराची खोळ एकदा आपसूक गळून पडली. लोकं भ्याली. आमच्या थोरल्या भावानं ती उचलली, नव्या तेलात मळली, आन् त्याच दगडाला परत लावली. देव कुटं गेला न्हाय."

"बरं मंग?"

"मंग तू सांग. देव शेंदरात हाय का पत्र्यात?"

दगडाबाई मागं वळली. बोटानं पेटीला शिवली, बोट बगितलं, कपाळाला लावलं. "शेंदरात," ती म्हणाली. "पत्र्यात कशाला बसंल?"

"मंग शेंदूर तुझा, पत्रा माझा."

म्हातारी हासली तवा तिचा एकच दात दिसला. "लई हुशार हायस. पर हाय तो शेंदूर समदा पायजे हां. नखाएवढा बी ठिवायचा न्हाय."

मिलच्या भिंतीकडं एक पडका धोंडा व्हता, कुणाच्या कामाचा नसलेला. बिरप्पानं त्यो खांद्यावर घेतला. दिसभर मशीन उचलून आलेला खांदा, धोंड्याखाली करकरला. तरी आणला, लिंबाच्या बुडाशी बसवला. मंग पेटीवरचा शेंदूर हलक्या हातानं ताटलीत काढला आन् धोंड्याला लावला, थोरल्या भावानं शिकिवल्यागत. धोंड्यावर त्यो आसा बसला, जणू त्येच्यासाठीच मळला व्हता. दगडाबाईनं पेटीवरची फुलं उचलून धोंड्यावर ठिवली. मंग सोड्याच्या पाण्यानं पेटी घासायला ती सोता बी बसली, तिचा एक दात आवळून.

परत काचकागद. परत शेंदूर, ह्या येळेला बेलतेलात. त्यो वाळला. त्येच्यावर हिरवा रंग दिऊन वाळवायला मातूर येळ उरला न्हाय. अष्टमीच्या सांजला बिरप्पानं त्यो हात दिला, आन् नवमीच्या सकाळी ओली पेटी कड्यांना फडक्यानं धरून मिलमधी नेली. रस्त्यानं कुणाचा धक्का लागू नये म्हणून भिताडाकडनं चालत गेला.

पेट्यांच्या वळीत मोकळ्या जागेवर त्येनं ती मांडली. शेजारी अण्णारावाचा मेव्हणा नवी पेटी बगलेत धरून उभा. पूजेच्या येळेला सायेब आलं, मागं अण्णाराव हळदकुंकवाची वाटी घिऊन. एकेक पेटीला बोट लावत त्यो आला, आन् मल्लप्पाच्या पेटीपाशी थांबला. सायेब बगत व्हतं. त्येला काय ठावं कुणाची जागा आन् कुणाचा मेव्हणा. ते हिरव्या रंगाकडं बगून मान हालवून म्होरं झालं. अण्णारावानं दात खाऊन बोट टेकवलं.

बोट रंगात रुतलं. काढलं तवा पेटीवर अण्णारावाच्या बोटाचा ठसा उमटलेला, कुंकवासकट.

"आरं, ही वली हाय!" अण्णाराव म्हणला.

"व्हय जी," बिरप्पा म्हणला. "पर बोट तुमचंच हाय."

मेव्हण्यानं पेटी खाली ठिवली न्हाय. तसाच घिऊन गेला.

सांजला रंग वाळल्यावर बिरप्पानं पेटी आधी मल्लप्पाकडं नेली. मल्लप्पानं हात फिरवला. झाकणाच्या खोलगट भागावर हात थांबला, मंग अण्णारावाच्या बोटावर. "ह्ये काय?" बिरप्पानं सांगितलं. मल्लप्पा ह्या येळेला हासला न्हाय. झाकणावर दोन्ही तळवे ठिवून बसून ऱ्हायला. मंग म्हणला, "ईरम्मा, ह्येला भाकरी दे. उभ्या उभ्या झोपतोय."

दसरा झाला, भोंगा परत सुरू झाला. बिरप्पा फिटर झाला. मशीनखाली सरपटायचं काय कमी झालं न्हाय. पाय तसेच सुजत्यात, फकस्त आता जाताना खांद्यावर पेटी बी आसती. पर आमच्या घराण्यातला पयला फिटर त्यो, ह्ये कुणाला पुसता येणार न्हाय.

दर आमावशेला त्यो शेंगाच्या तेलात शेंदूर मळतो, लिंबाखाली जातो आन् धोंड्याला लावतो. दगडाबाई ल्योकाला घिऊन येती. मंग बिरप्पा बोट टेकवून बगतो. वलाच आसतो. त्यो ते बोट कपाळाला लावतो आन् झोपायला जातो.