टँकरबाईची गाडी हवा खाते

मोठ्या भाऊजींनी "तुम्हाला काय कळतं त्यातलं?" असं विचारलं, तेव्हा टँकरबाई गाडीखाली पाठीवर पडलेली होती आणि बाहेर फक्त तिचे पाय दिसत होते. पायांनी उत्तर देता येत नाही, नाहीतर तिने तिथल्या तिथे दिलं असतं.

लग्नानंतर वर्षभरातच ती नवऱ्याच्या पाण्याच्या टँकरवर चढली, ती उतरलीच नाही. आधी पाइप ओढायला, मग व्हॉल्व्ह उघडायला, मग मोकळ्या मैदानावर स्टिअरिंग धरायला. नवरा विचारायचा, "तू गिअर टाकतेस की कुणाशी भांडतेस?" ती म्हणायची, "दोन्ही." टेकडीवरच्या वस्तीत नळ पोचले नव्हते. तिथल्या बायका हॉर्नवरून सांगायच्या, आज चाकावर तो आहे की ती.

मग एका दुपारी नवरा जेवता जेवता छातीला हात लावून गेला. भेटायला येणारी माणसं पांगली आणि टँकरबाई चावी घेऊन घराबाहेर पडली. सासरच्यांनी तोंडात बोटं घातली. घातली तर घातली, वस्तीत पाणी तर पोचलं.

पण गाडीनेच दगा दिला. चढावर इंजिन आपोआप घोंघावायचं, लगेच मान टाकायचं, पुन्हा घोंघावायचं. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जागचा हलत नव्हता आणि आवाज मात्र उचकी लागल्यासारखा वर-खाली. एकदा तर भर रस्त्यात बंदच पडली आणि मागच्या गाड्यांनी तिचा उद्धार केला. मिस्त्री म्हणाला, इंजिन उघडावं लागेल. मोठे भाऊजी म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ; त्यांचं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान, पण इंजिनावरही त्यांचं मत तयार होतं.

"इंजिन गेलंय. विकून टाकू. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे, तुम्ही फक्त सही करा. दुकानात मागच्या बाजूला बसा, खिळे तोला, दोन घास खा. काय कमी आहे?"

ते 'दोन घास' तिला झोंबले. आयुष्यभर स्वतःच्या हाताने मिळवून खाल्लेल्या बाईला आता कुणीतरी घास मोजून घालणार होतं. गाडी गेली की तिचं काय उरणार होतं? मागची बाजू आणि तराजू.

गाडीखालून बाहेर येऊन ती विचार करत बसली. गाडीला ही उचकी रोज लागत नव्हती. टाकी पाव भागावर आली, की लागायची. नवरा होता तेव्हा टाकी अर्धी झाली रे झाली की गाडी पंपावर. ती त्याला चिडवायची, "गाडी आहे की तान्हं बाळ?" तो हसून विषय बदलायचा. आता ती काटा तळाला टेकेपर्यंत गाडी हाकत होती. तिने टाकीत काठी बुडवली. काठी वीतभर ओली झाली. म्हणजे डिझेल होतं, पण इंजिनाला मिळत नव्हतं.

तिने टाकीत उतरणारी नळी सोडवून वर ओढली. काठीशेजारी धरली, तर नळी वीतभर आखूड! खालचं टोक करवतीने कापलेलं, तेही वाकडं. तो काप तिने लगेच ओळखला. असलं वाकडं कापणारा माणूस दुनियेत एकच होता, आणि त्यानेच लावलेल्या स्वयंपाकघरातल्या फळीवरून डबे अजून घसरत होते. टाकीच्या तळाचा गाळ ओढला जाऊन फिल्टर तुंबायचा. टाकी धुवायचा कंटाळा, म्हणून पठ्ठ्याने नळीच छाटली होती. डिझेल त्या टोकाच्या खाली गेलं, की नळी डिझेलऐवजी हवा ओढायची आणि गाडी हवा खायची.

"अहो, जायच्या आधी एवढं तरी सांगायचं!" ती मोठ्याने म्हणाली आणि तिथेच जमिनीवर बसून रडली. राग आला होता, आणि त्या रागासकट तो माणूस तिला हवा होता.

नवी नळी मिळायला वेळ लागणार नव्हता. पण टँकरबाईने जुनीच परत बसवली आणि डिझेल मुद्दाम कमी ठेवलं. गिऱ्हाईक येणार होतं ना, त्याला उचकी ऐकू दे!

गिऱ्हाईक आलं. भरल्या टँकरने चढ चढवून दाखवा, म्हणालं. केबिनमध्ये तिच्या शेजारी गिऱ्हाईक आणि खिडकीला भाऊजी. अर्ध्या चढावर इंजिन घोंघावलं, बसलं, पुन्हा घोंघावलं आणि गप्प झालं. तिने ब्रेक ओढला.

"भंगार आहे हो हे," गिऱ्हाईक म्हणालं.

"भावाने आधीच वाट लावली होती," भाऊजी म्हणाले, "त्यात बाईमाणसाच्या हातात गेली."

सगळं तिच्या मनासारखं चाललं होतं. फक्त तोंड मिटून बसायचं होतं, गिऱ्हाईक आपल्या पायाने गेलं असतं. पण ज्या गाडीने घर चालवलं तिला भंगार म्हणायचं? आणि नवरा वाट लावणारा? तिच्या डोक्यात सणक गेली.

ती खाली उतरली. चाकांना दगड लावले, मागचा कॅन काढून टाकीत ओतला. आत शिरलेली हवा काढायला फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहिली. आधी फेस आला, मग स्वच्छ डिझेल. स्क्रू आवळला, हात साडीला पुसले, दगड काढून वर चढली. इंजिन एका दमात लागलं. भरला टँकर चढाच्या माथ्यावर गेला, आवाज जराही न हलता.

"नळी आखूड आहे, बाकी इंजिन ठणठणीत आहे," ती म्हणाली. "भंगार म्हणायचं काम नाही."

गिऱ्हाइकाचा चेहरा खुलला. "मग घेतो की! बोला!"

"मी म्हणत नव्हतो?" भाऊजी लगेच म्हणाले. "करा सही."

"गाडी चांगली आहे, एवढंच सांगितलं मी. विकायची आहे असं कुठे म्हटलं?"

"घरात मोठा मी आहे! लोक काय म्हणतील?"

"लोक वर हंडे घेऊन उभे आहेत, भाऊजी. ते म्हणतील, उशीर केलास." तिने पलीकडे वाकून त्यांच्या बाजूचं दार उघडलं. "उतरा. मला पाणी द्यायला जायचंय."

"आणि आम्ही परत कसं जायचं?"

"खाली सगळा उतारच आहे. चालत जा."