दुर्वा पुन्हा बोलली

"लहान मेंदूत गाठ आहे. मेंदूतलं पाणी अडलंय. आजच मुंबईला निघा."

लातूरचे डॉक्टर एमआरआयची फिल्म उजेडात धरून सांगत होते आणि आमची पावणेदोन वर्षांची दुर्वा त्यांच्या गळ्यातली नळी ओढत होती. एमआरआय म्हणजे यंत्रात झोपवून डोक्याच्या आतला फोटो काढतात तो. मी फोटोकडं बघत होतो, पण दिसत होती ती फक्त दुर्वा. हसत होती पोरगी.

मी घाटनांदूरजवळच्या आमच्या गावात सहकारी दूध डेअरीवर काम करतो. दूध मोजायचं, फॅट बघायची. त्या वर्षी दुष्काळ होता. जनावरं चारा छावणीत, पाणी टँकरचं. दुर्वाला उलट्या सुरू झाल्या तेव्हा सगळे म्हणाले, टँकरच्या पाण्यानं होतंय. गावात निम्म्या लेकरांची पोटं बिघडलेलीच होती.

माझ्या बायकोला, सीमाला, ते पटत नव्हतं. "पोट बिघडलं तर दिवसभर बिघडंल की. हिला सकाळी उठल्या उठल्याच कावून होतंय?" नंतर दुर्वा मान एका बाजूला कलती ठेवायला लागली. चालायला शिकलेली पोर पुन्हा पडायला लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी औषध लिहून दिलं, तेव्हा सीमा खुर्चीवरून उठलीच नाही. "डोक्याचा फोटो काढायची चिठ्ठी द्या, मग जाते," म्हणाली. त्या चिठ्ठीमुळं आम्ही लातूरला पोहोचलो.

मुंबईत गाठ काढायला सहा तास लागले. ऑपरेशन चांगलं झालं, पण शुद्धीवर आल्यावर दुर्वा बोलेना. रडायची, पण आवाज नाही. लहान मेंदूच्या ऑपरेशननंतर काही मुलं अशी गप्प होतात, बहुतेकांची वाचा हळूहळू परत येते, असं डॉक्टरांनी सांगितलं. 'बहुतेकांची' हा शब्द मी दिवसभर चघळत बसायचो.

त्याच दिवसांत गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आला. एटिपिकल टेराटॉइड रॅब्डॉइड ट्यूमर, थोडक्यात एटीआरटी. अगदी लहान मुलांना, क्वचितच होणारा आणि भराभर वाढणारा कॅन्सर. डॉक्टरबाईंनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, "पुष्कळ मुलांना आम्ही वाचवू शकत नाही. पण हिची गाठ जवळपास सगळी निघालीय, कुठं पसरलेली नाही. प्रयत्न करण्यासारखं नक्की आहे."

गावाकडून माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. "एवढ्याशा जिवाचे कशाला हाल करता? घरी घेऊन या." सीमानं माझ्या हातातला फोन घेतला. "दादा, तिला भूक लागली की अजून माझा पदर ओढती ती. तिनं हार मानली न्हाई, मग आपण कावून मानायची?"

ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी नर्स औषधाचा चमचा घेऊन आली. दुर्वानं तोंड फिरवलं आणि स्पष्ट म्हणाली, "न्हाई!"

वॉर्डातल्या सगळ्या आया हसायला लागल्या. नर्स तोच चमचा हातात धरून रडत होती. मी बाहेर जाऊन चहा प्यालो आणि चहावाल्यालाही सांगितलं, पोरगी न्हाई म्हणाली. त्यानं माझ्याकडं विचित्र नजरेनं बघितलं.

मग केमोथेरपी, म्हणजे कॅन्सरच्या पेशी मारणारी औषधं. एवढ्या लहान लेकराच्या मेंदूला किरणांचा उपचार सोसत नाही, म्हणून औषधच फार कडक द्यायचं ठरलं. त्यानं रक्त तयार व्हायचंही थांबतं. म्हणून रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, ज्यांना स्टेम सेल म्हणतात, त्या तिच्याच अंगातून आधी काढून ठेवल्या आणि नंतर परत दिल्या. रक्त पुन्हा बनायला लागेपर्यंत तिला प्लेटलेट लागायच्या. रक्त थांबवणारे कण असतात ते.

डेअरीवर निरोप गेला. माझं काम आणि छावणीतली आमची म्हैस दोन्ही डेअरीच्या लोकांनी वाटून घेतलं होतंच. आता पाच जण प्लेटलेट द्यायला रेल्वेनं मुंबईला आले. त्यात दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर हणमंत होता, दाराएवढा उंच. यंत्र एका नळीतून रक्त घेतं, प्लेटलेट काढतं आणि उरलेलं परत देतं, हे मी त्याला समजावलं. "म्हंजी साय काढून दूध परत," तो म्हणाला. "मग काय भ्यायचंय बे?" आणि सुई बघताच आडवा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, डोळे गच्च मिटून बसला आणि प्लेटलेट देऊनच उठला.

दुर्वाचे केस गेले, तोंडात फोड आले, संसर्ग होऊ नये म्हणून तीन आठवडे वेगळ्या खोलीत काढावे लागले. सीमा तिच्याजवळ आणि मी काचेबाहेर. बरी असली की दुर्वा काचेवर थापा मारून मला वाकुल्या दाखवायची. नसली की पाठ करून झोपायची. माझा दिवस कसा जाणार ते त्यावर ठरायचं.

आज ती साडेचार वर्षांची आहे. थोडी झोकांड्या देत चालते. औषधानं कमी ऐकू येतं, म्हणून कानांना यंत्र लावलंय. नको असलेलं ऐकायची वेळ आली की ते काढून ठेवते. 'बरी झाली' असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत, 'गाठ दिसत नाही' म्हणतात. पूर्वी मला पुढच्या दहा वर्षांची काळजी असायची. आता पुढच्या तपासणीपर्यंतचे दिवस मोजतो आणि तेवढे मिळाले तरी लई वाटतात.

लेकरू रोज सकाळी उपाशीपोटी उलटी करत असेल, मान कलती धरत असेल, पडत असेल, तर चिठ्ठी मिळेपर्यंत सीमासारखं डॉक्टरांसमोर खुर्चीवर बसून राहा.

परवा हॉस्पिटलमधून आमचा नंबर घेऊन बीडजवळच्या पालीहून एका बाईचा फोन आला. तिच्या लेकराला हाच आजार निघालाय. ती नुसती रडत होती. मी फोन सीमाकडं दिला. सीमानं आधी विचारलं, "जेवलीस का? मग आधी जेव. रिकाम्या पोटी रडू नकोस. मग वही घे आन् डॉक्टर काय सांगतात ते लिहीत जा." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"आमची?" सीमा म्हणाली. "अंगणवाडीत गेलीय. माझी चप्पल घालून."

फोनमधून, रडण्याच्या मधूनच, हसल्याचा आवाज आला.