शौकतने न बदललेला शेवट

माझा धाकटा भाऊ वगीह सिनेमाच्या गोष्टी लिहायचा. शुब्रा भागात, आमच्या गल्लीत, त्याला मान होता. पडद्यावर मात्र त्याचं नाव इतकं झटकन येऊन जायचं, की मी चष्मा पुसेपर्यंत दिग्दर्शकाचं आलेलं असायचं, आणि ते चांगलं मुक्कामाला राहायचं.

दिग्दर्शक म्हणजे उस्ताद शौकत. या दोघांचा संसार माझ्या संसारापेक्षा जास्त टिकला. रीत ठरलेली होती. वगीहने शौकतच्या घरी जाऊन गोष्ट वाचून दाखवायची. वाचून म्हणजे काय, आई, पाशा, नटी, सगळी सोंगं एकट्याने काढायची. शौकत सोफ्यावर डोळे मिटून पडलेला. संपलं की म्हणायचा, झकास आहे, फक्त शेवट बदलू. मग वगीहने मारलेला माणूस उठून बसायचा आणि जगवलेला मरायचा. वगीहने पोरीचं लग्न लावून दिलं, तर शौकत नवऱ्याला मोटारीखाली घालायचा. वगीह माझ्याकडे येऊन मुलुखियाची भाजी ओरपत त्याला शिव्या द्यायचा, आणि नव्या गोष्टीला बसायचा.

एका वर्षी त्याने आमच्या बाबांची गोष्ट लिहायला घेतली. बाबा ट्राम चालवायचे. माझ्या लग्नात सासरचे कुणीतरी त्यांच्या गणवेशावरून खवचट बोलले. बाबा चर्चमध्ये आलेच नाहीत. समोरच्या उसाच्या रसाच्या दुकानाशी उभे राहिले, माझी गाडी निघेपर्यंत. वगीह त्यांच्या शेजारी होता. सिनेमा तिथेच संपावा, अशी त्याची इच्छा होती: आत घंटा वाजताहेत आणि बाप रस्त्यापलीकडे.

"बाकीचे सगळे शेवट शौकतने घ्यावेत, ताई," तो म्हणाला. "हा एक माझा राहू दे."

पण शौकतला ओळखून होता तो. म्हणून त्याने मुद्दाम उलटं लिहिलं. बाप चर्चमध्ये शिरतो, व्याह्याला मिठी मारतो, पुढे मांडवात टोपी उडवून नाचतो, आणि विहीणबाई डोळे पुसतात. इतकं गोड, की शौकतची दाढ दुखायला लागेल, असं त्याचंच म्हणणं. शौकत नेहमीसारखं उलटं करणार, म्हणजे बाप आपोआप बाहेर राहणार.

मी विचारलं, नाही बदललं तर?

"आजवर माझं कधी ऐकलंय त्याने?"

वाचन झालं. शौकत सोफ्यावर उठून बसला, नाक शिंकरलं, आणि म्हणाला, यातला एक शब्दही हलवायचा नाही. आमचा वगीह हबकला. जरा गोड झालंय, बापाला बाहेरच ठेवू या, असं त्यानेच समजावायला सुरुवात केली. आपल्याच लिखाणाला नावं ठेवली. शौकतने हात झटकला.

"तू लेखक माणूस. शेवटातलं तुला काय कळतं?"

सिनेमा लागला तेव्हा दुपारच्या खेळाला मी वगीहबरोबर गेले; शौकतही आला होता. बाप नाचला आणि बायका झगरूता, लग्नातल्या त्या आनंदाच्या किलकाऱ्या, घालू लागल्या, जणू थिएटरातच वरात आलीय. खेळ संपल्यावर शौकतने सगळ्यांसमोर वगीहला जवळ घेतलं आणि सांगितलं, लोक म्हणतात दिग्दर्शक लेखकाला जुमानत नाही, पण हा शेवट याचा आहे, अक्षर न् अक्षर याचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने हे कबूल केलं, आणि तेही नेमकं या शेवटाबद्दल. वगीह लोकांशी हात मिळवत होता, मयताच्या घरचा माणूस दारात उभा राहून मिळवतो तसे.

घरी आम्ही दोघं चालतच निघालो. वाटेत तो म्हणाला, "तू तरी सांग ताई. खोटं वाटलं ना?"

"खोटंच रे. बाबांना नाचता कुठे येत होतं."

"मग रडत का होतीस?"

"आत आले ना ते."

रस्त्यात चेंडू खेळणारी पोरं अंगावर आली म्हणून त्याने माझा हात धरून मला रस्ता ओलांडून दिला. त्यानंतर कुणी विचारलं, की तो शेवट तुमचाच का, तर कुरकुरत का होईना, तो हो म्हणायचा.